थैली

दिवाळी अंकासाठी काही खुसखुशीत पाठवा, असा संपादकांचा निरोप श्रावणातच येतो. आठवड्याच्या सदरात मी काहीही लिहिलं तरी ते चालवून घेतात. दिवाळीला मात्र त्यांना चकलीच हवी असते. यंदा मी कळवून टाकलं, की या खेपेला माझ्यापाशी चकली नाही, एक थैली आहे. ते म्हणाले, "थैलीत पैसे असतील तर तीही चालेल." पैसे आहेत, पण फार नाहीत.

ही थैली जांभळ्या मखमलीची आहे. तोंडाला नाडी, आणि आत मनगट बुडेल एवढी खोल. आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत, दर पंधरवड्याला, रविवारची मिस्सा आटोपली की आम्ही अकरा माणसं लाकडी बाकांवर बसतो. प्रार्थना होते, मागच्या सभेचं टिपण वाचलं जातं, कोण कोणाच्या घरी जाऊन आलं ते सांगितलं जातं. शेवटी ही थैली हातोहात फिरते. जिच्या किंवा ज्याच्या हाती ती येईल त्याने मूठ मिटून आत घालायची आणि मोकळा हात बाहेर काढायचा. मुठीत पाचशेची नोट होती, दहाचं नाणं होतं, की काहीच नव्हतं, हे शेजारच्यालासुद्धा कळता कामा नये. हिचं नावच मुळी गुप्त वर्गणी.

मी चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यांतली एकोणीस कॅशच्या खिडकीत. पावतीशिवाय पैसा इकडचा तिकडे झाला की माझ्या पोटात गोळा येतो. पहिल्याच सभेत मी विचारलं, "याची नोंद कुठे करायची?" सगळे हसले. मास्तर म्हणाले, "कॅशियरसाहेब, याची नोंद वर होते," आणि त्यांनी बोट वर केलं. मी वर पाहिलं. वर पंखा होता.

हे मास्तर म्हणजे आमच्या गावातले निवृत्त शिक्षक. गणित शिकवायचे. त्यांचं नाव मी सांगणार नाही, आणि आमच्या पॅरिशचंही नाही. वसईकडे आहे, इतकं पुरे. वसई आता मोठी झाली म्हणतात. स्टेशनच्या बाजूला वीस वीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, पण आमच्या बाजूला अजून केळीच्या बागा आहेत, उरलीसुरली बावखलं आहेत, आणि कुणाच्या घरी कुकरच्या किती शिट्या झाल्या हे तिसऱ्या वाडीत कळतं. अशा ठिकाणी नाव सांगितलं काय आणि घराचा नकाशा काढून दिला काय, सारखंच.

तुमच्यापैकी पुष्कळांना वाटत असेल, की चर्चचं काम म्हणजे पाद्रीबाबांनी सांगायचं आणि लोकांनी ऐकायचं. आमचं तसं नाही. संत विन्सेंट डी पॉल यांच्या नावाची ही सोसायटी साध्या संसारी माणसांची आहे, आणि ती सुरू केली ती तर कॉलेजातल्या पोरांनी. १८३३ सालचं पॅरिस. आदल्याच वर्षी तिथे पटकीची साथ येऊन गेली होती. फ्रेडरिक ओझानाम नावाचा कायद्याचा विद्यार्थी आणि त्याचे मित्र इतिहासावर वादविवाद करायला जमत. त्या मंडळाला ते 'कॉन्फरन्स' म्हणत; म्हणूनच आमच्या अकरा जणांच्या बैठकीलाही अजून कॉन्फरन्स म्हणतात. बाहेरच्या कुणी ऐकलं तर त्याला वाटावं, आम्ही जिनिव्हाला निघालो. तर एका सभेत एकाने टोमणा मारला, की तुमच्या धर्माने पूर्वी मोठी कामं केली असतील, आज तुम्ही काय करता? ओझानामला तो लागला. १८३३च्या २३ एप्रिलला, म्हणजे त्याला वीस वर्षं पुरी झाली त्याच दिवशी, हे पाच-सहा मित्र आणि एक वडीलधारे संपादक एकत्र बसले. रोझाली नावाच्या एका सिस्टरने त्यांना गरीब वस्तीतल्या कुटुंबांची नावं दिली आणि ही पोरं घरोघर जाऊ लागली. ओझानाम पुढे सोर्बोनला प्राध्यापक झाला, चाळिसाव्या वर्षी वारला, आणि १९९७ साली पोपनी पॅरिसमध्येच त्याला धन्यवादित घोषित केलं. पण मला आवडते ती सुरुवातीची गोष्ट: थंडीसाठी साठवलेली आपली लाकडं त्याने आणि एका मित्राने उचलली आणि एका विधवेच्या घरी नेऊन टाकली, अशी आठवण सांगतात. व्याख्यान नाही, ठराव नाही. लाकडं.

मी या कामात पडलो तो मात्र काही ओझानामसारखा तळमळून नव्हे. २०१७ साली निवृत्त झालो आणि तीन महिन्यांत घरच्या माणसांना नकोसा झालो. "अहो, माझ्या डब्यांतली डाळ मोजत बसण्यापेक्षा कुठे तरी जात चला," असं आमच्या सौभाग्यवतींनी सांगितलं आणि त्याच आठवड्यात मास्तर ओटीवर आले. हिशेबाला माणूस हवा होता.

आमच्याकडे कुणाच्या घरी एकट्याने जायचं नाही, दोघांनी जायचं, असा रिवाज आहे. माझी जोडी मास्तरांशी लागली. पहिल्या घरी मी नवी कोरी वही घेऊन गेलो. बाईंचा नवरा रिक्षा चालवायचा, अपघातात पाय मोडून पडला होता. मी विचारत गेलो: महिन्याची मिळकत किती, कर्ज कुणाचं, व्याज किती टक्के, सोनं आहे का, असलं तर गहाण आहे का, भाऊ काय करतो, तो का मदत करत नाही. बाईंनी सगळं सांगितलं. चहा दिला. मी तो घेतला नाही. उगाच त्यांना खर्च नको, असा माझा समंजस विचार. बाहेर पडल्यावर मास्तर बावखलापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही तिला कर्ज मंजूर करायला गेला होतात का हो?"

पुढे दोनेक महिने मी वही न्यायची नाही, अशी मला शिक्षा झाली. या काळात मी मास्तरांना नुसतं पाहिलं. ते दारात चपला काढत, दाखवतील तिथे बसत, देतील ते पीत. स्वयंपाकघराकडे त्यांची नजर जात नसे. फ्रीजवर मुलांची चित्रं लावलेली असली तर तेवढ्यापुरती जाई. पाऊस, शाळा, कुणाचं लग्न, सगळ्या गप्पा होत. पैशाचा विषय यायचा तो निघताना, चपला घालता घालता. "बरं, या महिन्यात काय अडलंय?" माणूस उभ्या उभ्या खरं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. आणि कॉन्फरन्सने काही दिलं तर ते रोख हातात ठेवण्यापेक्षा दुकानदाराची उधारी, विजेचं बिल, शाळेची फी असं परस्पर भागवलेलं बरं. शिधा द्यायचा तर छापील पिशवीत द्यायचा नाही. पूर्वी आमच्या पिशव्यांवर सोसायटीचं नाव मोठ्या अक्षरांत असे. ती पिशवी दारात दिसली की आख्ख्या आळीला हिशेब कळे. मास्तरांनी भांडून ते छापणं बंद करवलं.

पाय मोडलेला रिक्षावाला, विधवा, दारूड्याची बायको, अशी घरं आम्हांला ओळखीची होती. २०२०ची टाळेबंदी आली आणि नवीच घरं दिसू लागली. टाइल्स लावलेली, वॉशिंग मशीन असलेली, हप्त्यांवर उभी राहिलेली. गरिबाचं घर उघडं असतं, आत काय आहे नि काय नाही ते दिसतं. पांढरपेशाच्या घराला लॅच असतो. आतलं माणूस दार उघडतं तेच मुळी "सगळं मजेत" म्हणत. ह्या सदराचे वाचक बहुतेक लॅचवाले आहेत, मीही आहे, म्हणून जरा सांगतो.

२०२२च्या अखेरीस स्टेशनच्या बाजूच्या एका इमारतीत आम्ही गेलो. चिपळूणकडचं कुटुंब, घरात गणपती बसवणारं. बाईंनी पहिलं वाक्य बोललं ते हेच: "आम्ही तुमच्यातले नाही हं." मास्तर म्हणाले, "तुम्ही आमच्या वस्तीतल्या आहात ना? झालं तर मग." नवऱ्याची नोकरी गेली होती. घराचा हप्ता थकला, तो भरायला मोबाइलवरून एक कर्ज, ते फेडायला दुसरं, असं पाच कर्जांपर्यंत गेलं. खाली लिफ्टजवळच्या फळ्यावर मेंटेनन्स थकवणाऱ्यांच्या यादीत नाव लागलेलं. त्यामुळे बाई जिन्याने जा-ये करायच्या. सहावा मजला. वसुलीवाल्यांचे फोन सकाळी साडेसहापासून, मुलगी शाळेची वेणी घालत असताना.

इथे माझी चौतीस वर्षं कामाला आली. वसुलीसाठी सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२२च्या ऑगस्टमध्येच बजावलं होतं. ते मी एका कागदावर मराठीत लिहून दिलं आणि म्हणालो, फोन आला की शांतपणे वाचून दाखवा. पंधरा दिवसांनी बाई म्हणाल्या, "फोन थांबले नाहीत. पण आता आठनंतर येतात. पोरगी तोवर शाळेत गेलेली असते." तेवढंच मिळालं, आणि त्यांना ते पुष्कळ वाटलं.

आणखी एक गोष्ट या कामातच मला नीट कळली. ती छापायला हरकत नाही, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. महाराष्ट्रात धर्मादाय ट्रस्टच्या इस्पितळांना शंभरातल्या दहा खाटा अगदी निर्धनांसाठी मोफत आणि दहा दुर्बल उत्पन्नाच्या लोकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयाने २००६ साली ही योजना घालून दिली. पण ते मागावं लागतं, उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि पांढरपेशा माणूस 'दुर्बल' या रकान्यात नाव लिहायला धजत नाही. आम्ही जोडीने जातो ते पुष्कळदा एवढ्यासाठीच. अर्ज त्यांचाच असतो, रांगेत उभं राहायला सोबत आमची.

चिपळूणच्या बाईंना आम्ही मुलीची फी भरू म्हणालो, तेव्हा त्या म्हणाल्या, "उसने घेते. लिहून ठेवा." मी मास्तरांकडे पाहिलं. आमचे पैसे परत मागायचे नसतात. मास्तर म्हणाले, "कॅशियरसाहेब, काढा वही." पुष्कळ दिवसांनी मी वही काढली, रक्कम लिहिली, तारीख लिहिली, त्यांची सही घेतली. तेव्हापासून त्या दर महिन्याला दोनशे रुपये आणून देतात. चुकलेल्या महिन्याचे पुढच्या महिन्यात. दिवाळीत चिवडा वेगळा.

आता थैलीकडे येतो.

२०२१पासून खजिनदार मी आहे. सभा संपली, की थैली उलटी करून मोजायची आणि फक्त बेरीज लिहायची. मोजताना कोणती नोट कुणाची हे पाहायचं नाही. पण ज्याने जन्मभर नोटा मोजल्या त्याने काय काय पाहायचं नाही? एक शंभराची नोट दर खेपेला चार घड्यांची असे. आधी उभी, मग आडवी, नखाने कड दाबलेली. फळ्यावरच्या रेघेइतकी सरळ घडी. मी ती पाहत नसे, आणि मला ती ठाऊक होती.

२०२३च्या पावसाळ्यात ती घडी शंभरावरून पन्नासावर आली. मग वीस. मग दहा. सप्टेंबरमध्ये थैलीतून एक कागद पडला. भिंतीवरच्या कॅलेंडरचा फाडलेला तुकडा, चार घड्यांचा, कड नखाने दाबलेली. आत काही नाही. मला वाटलं, कुणाच्या खिशातला चुकून आला असेल. पुढच्या सभेत पुन्हा तसाच. त्या रात्री मला झोप लागली नाही. मूठ रिकामी असली तरी चालते, त्यासाठीच तर ही थैली आहे, हे मला पहिल्या दिवशी ज्यांनी समजावलं होतं, त्यांनाच रिकामी मूठ थैलीत घालवली नव्हती.

आणि मी काय केलं? काही नाही. गुप्त म्हणजे गुप्त, असं स्वतःला सांगत राहिलो. आम्ही दोघं तशीच जोडीने घरोघर जात होतो. "या महिन्यात काय अडलंय?" असं मास्तर लोकांना विचारत होते आणि मी शेजारी उभा राहून ऐकत होतो. परतताना बावखलाशी आम्ही दोघं थांबत असू. तिथे दहा वेळा विचारता आलं असतं. नियमाच्या आड उभं राहायची मला खिडकीत सवय झालेली. जाळीच्या पलीकडे रांग कितीही लांब असो, बारा वाजले की फळी लावायची. असे दोन महिने गेले.

शेवटी हिनेच एके दिवशी बाजारातून आल्यावर पिशवी खाली ठेवायच्या आधी सांगितलं, "मास्तरीणबाई रक्तदाबाची गोळी दिवसाआड घेतात. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणतात. असं कुठले डॉक्टर सांगतात?" तेव्हा मी तिला कागदाचं सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "तुम्ही नियम पाळताय, की घाबरताय?"

एकट्याने जायचं नाही, म्हणून आम्ही नवराबायको गेलो. मास्तरीणबाईंनी खुर्ची दिली, मी बसलो. चहा दिला, घेतला. स्वयंपाकघराकडे पाहिलं नाही. पाऊस झाला, केळीवरचा रोग झाला, आमच्या नातवाचं गणित झालं. निघायला उठलो, चपला घातल्या आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "विचारा की," ते म्हणाले. "मी शिकवलेलं विसरलात?" मग जरा थांबून, "वही आणलीत ना?"

ते जामीन राहिले होते. एका जुन्या विद्यार्थ्याला, पतसंस्थेच्या कर्जासाठी. तो धंद्यात बुडाला आणि निघून गेला, कुठे ते कुणाला माहीत नाही. जामीन म्हणजे नुसती ओळख देणं, अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत असते. कायदा तसं मानत नाही. १८७२च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि सहकार कायद्याच्या कलम १०१चा वसुली दाखला निघाला की वसुली अधिकारी जामीनदाराच्या दारातही येतो. मास्तरांनी ठेव मोडली, मास्तरीणबाईंच्या पाटल्या गेल्या, आणि पेन्शन आली की हप्त्याला आधी बाजूला काढत. माझ्या मनात आलं, की चौतीस वर्षं बँकेत असलेला माणूस रोज सोबत चालत होता, आणि सही करण्याआधी त्यांनी त्याला विचारलं नाही. मग मनात आलं, की सही केल्यानंतरही त्या माणसाने त्यांना विचारलं नाही.

मी त्या विद्यार्थ्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं, तर मास्तर म्हणाले, "गणितात चांगला होता हो."

पतसंस्थेत आम्ही चार वेळा गेलो. तिथला मॅनेजर समंजस निघाला, की चौथ्या खेपेला कंटाळला, कोण जाणे. व्याजातली काही रक्कम सुटली आणि बाकीचे हप्ते पेन्शनला झेपतील असे बांधून मिळाले. औषधांचं बिल कॉन्फरन्सने केमिस्टकडे परस्पर भरलं. शिधा मास्तरांनी साफ नाकारला. औषधाचे पैसे उसने म्हणून घेतले, वहीत सही केली, आणि माझ्या हातचा चुकीचा सन दुरुस्त केला. पुढच्या सभेत मी सांगितलं, "एका घरी जाऊन आलो." कुणाच्या, ते कुणी विचारलं नाही. अकरांतली जागा एक रिकामी होती आणि सगळ्यांना डोळे होते.

तीन सभा मास्तर आले नाहीत. मी एकदा बोलवायला गेलो तर ते बागेत होते, आणि येतो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. येताना सुकेळीची एक पुडी हातात दिली. चौथ्या सभेला आले, आपल्या नेहमीच्या जागी, खिडकीशी बसले. थैली फिरत फिरत त्यांच्याकडे आली तेव्हा मी टिपणवहीत काहीतरी लिहीत होतो. काय लिहीत होतो ते मला आठवत नाही. मोजताना त्या दिवशी कागद निघाला नाही; एवढंच सांगतो, आणि हेही सांगायला नको होतं.

हा लेख पाठवण्याआधी मी मास्तरांकडे घेऊन गेलो. छापू नका म्हणाले असते तर संपादकांना मी चकलीच पाठवली असती. ते चष्मा लावून ओटीवर बसले आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागले. हातात लाल पेन. कागदाच्या गोष्टीपाशी आले तेव्हा थोडा वेळ थांबले, पान उलटलं, पुढे वाचलं. सगळं संपल्यावर म्हणाले, "शुद्धलेखनाच्या सात चुका आहेत. आणि चहाच्या वेळी तुम्ही स्वयंपाकघराकडे पाहिलं होतंत."

चुका दुरुस्त केल्या आहेत.